जोडलशीच्या बाई

घोड्याशी बोलताना बाई ‘अहो’ म्हणायच्या. “अहो, पाय उचला.” “अहो, जरा मान इकडे करा.” माणसांनाही त्या ‘अहो’च म्हणायच्या, पण माणसांच्या वाट्याच्या ‘अहो’ला पुष्कळदा धार असे, घोड्यांच्या ‘अहो’ला कधीच नसे. आमच्या संचालकांच्या हे लक्षात आलं होतं. ते एकदा मला म्हणाले, “तुमच्या बाईंनी मला निदान घोड्याइतका मान द्यावा.” मी ते बाईंच्या कानावर घातलं. त्या हातातली परीक्षानळी उजेडात धरून बघत होत्या. नजर न हलवता म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, घोडा मला खोटं लिहायला सांगत नाही.”

मांजरीच्या रस्त्याला, उसाच्या शेतांना लागून आमची संस्था होती. तिथे जनावरांच्या लशी तयार होत. बाई पशुवैद्य, घोड्यांच्या विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक शीतगृह आणि मागच्या बाजूला पागा. पागेत पोलिसांच्या आणि लष्कराच्या नोकरीतून सुटलेले म्हातारे घोडे असत. “सगळे पेन्शनर आहेत,” बाई नव्या माणसाला ओळख करून देत. “फक्त वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत नाहीत.”

मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन गेले तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली नोकरी करणारी मी दुसरी-तिसरी मुलगी असेन. वडिलांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मी शाळेत शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. मुलाखतीला तिघं बसले होते. दोघांनी पुस्तकातलं विचारलं. बाईंनी एकच विचारलं, “घोड्याची भीती वाटते का?”

“वाटते,” मी म्हणाले.

“बरं झालं. ज्यांना वाटत नाही ते त्याच्या मागे जाऊन उभे राहतात.”

नोकरी मिळाली. तात्पुरती होती, दरवर्षी मुदत वाढायची, आणि ती वाढवणं संचालकांच्या हातात होतं. हे इथेच सांगून ठेवते.

बाई सदाशिव पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सुती साडी, वर खोचलेली, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि पर्समध्ये गूळ. त्या गुळापायी पर्समध्ये कायम मुंग्या असत. बँकेत, बसमध्ये, एकदा तर मंत्रालयातून आलेल्या सचिवांच्या टेबलावर त्या मुंग्या ओळीनं चालत गेल्या होत्या आणि बाई शांतपणे त्यांची बदली दुसऱ्या कागदावर करत होत्या. त्यांच्या घरमालकांनी तक्रार केली होती की जिन्यात घोड्याचा वास येतो. बाई म्हणाल्या, “आपल्या जिन्यात पूर्वी मांजराचा यायचा. प्रगती आहे.”

अहवालात त्यांना ‘समाधानकारक’ हा शब्द चालत नसे. कोणी लिहिला की खोडून म्हणायच्या, “समाधानकारक हे खानावळीतल्या आमटीला म्हणतात. लशीचं काय झालं ते लिहा.”

ती लस म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं. घोड्यांचा फ्लू आणि धनुर्वात, या दोन्हींसाठी मिळून एकच सुई. रेसच्या घोड्यांच्या मालकांना अशी लस हवी होती आणि त्यांच्या जोरावर संस्थेला कामाची मंजुरी मिळाली होती. बाईंच्या डोक्यात मात्र रेसचे घोडे नव्हते. “त्यांच्या दाराशी डॉक्टर उभा असतो,” त्या म्हणायच्या. “चार सुया वेगळ्या टोचल्या तरी बिघडत नाही. टांगेवाला टांगा सोडून घोडा घेऊन एक दिवस येतो. दुसऱ्यांदा बोलावलं की येत नाही. का यावं? त्या दिवशी घरात काय शिजवायचं?” पुण्यात तेव्हा टांगे संपत आले होते, रिक्षांनी त्यांना कोपऱ्यात ढकललं होतं. कॅम्पात आणि स्टेशनच्या बाजूला अजून होते. ते उरलेले टांगे हाच बाईंचा हट्ट होता.

कामाला उशीर होतोय असं बैठकीत कोणी म्हटलं की त्या विचारायच्या, “धनुर्वातानं मरणारा घोडा आपण पाहिलाय का?” बहुतेकांनी पाहिलेला नसे. मग त्या सांगायच्या. त्यांनी तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिला होता. खुरात खिळा घुसला होता, एवढंच. घोडा लाकडाचा झाल्यासारखा चारही पाय फाकवून उभा, कान ताठ, शेपूट वर, जबडा मिटलेला. समोर पाणी ठेवलेलं, ते त्याला दिसतंय, हवंय, पण तोंड उघडत नाही. जराशी टाळी वाजली तरी सगळं अंग तडतडतं. आणि शेवटपर्यंत तो शुद्धीवर असतो. “माझ्याकडे बघत होता,” बाई म्हणायच्या, “आणि माझ्याकडे पदवी होती.” यानंतर बैठकीत उशिराची गोष्ट कोणी काढत नसे.

दोन लशी एकत्र करणं म्हणजे दोन बाटल्या एकीत ओतणं नव्हे. आमच्या पहिल्या मिश्रणात धनुर्वाताचा भाग ठणठणीत निघाला आणि फ्लूचा मेला. शरीराचं सगळं लक्ष एकाकडेच गेलं. बाईंनी कामावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला सांगितलं, “वर्गात एक मुलगा मोठ्यानं उत्तर देतो. दुसऱ्यालाही येत असतं, पण त्याच्याकडे बाईंचं लक्षच जात नाही. पहिल्याला जरा हळू बोलायला शिकवायचंय.” ते शिकवण्यात आमची वर्षं गेली. प्रमाण बदलायचं, उंदरांवर, गिनीपिगांवर बघायचं, मग पागेतल्या पेन्शनरांना टोचायचं आणि त्यांच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं किती आली ते मोजायचं. मोजायचं काम माझं होतं. आकडा चांगला आला की मी धावत जायचे. बाई विचारायच्या, “पुन्हा मोजलंत?” मी परत फिरायचे.

शेवटी मिश्रण जमलं आणि पागेबाहेरच्या घोड्यांवर चाचणी करायची वेळ आली. निम्मे घोडे एका शेठजींच्या स्टडफार्मचे आणि निम्मे शहरातल्या टांग्यांचे. शेठजी आमच्या समितीवरही होते. टांगेवाले मिळवायला बाईंनी मला पुढे केलं. आमच्या मोहल्ल्यात करीमचाचा होते, माझ्या वडिलांचे जुने मित्र. त्यांची मैना नावाची तांबूस घोडी होती आणि बाकीचे टांगेवाले त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. चाचांनी विचारलं, “बेटा, तुझी बाई कशी आहे?” मी म्हणाले, “तोंडानं कडू आहेत.” चाचा म्हणाले, “मग दवा चांगली असेल,” आणि सगळ्यांना घेऊन आले.

बाईंनी घोड्यांचे तीन गट केले. पहिल्याला जोडलस. दुसऱ्याला दोन्ही लशी, पण वेगवेगळ्या सुयांनी. तिसऱ्याला फक्त धनुर्वाताची. “धनुर्वात मारतो, त्याच्याशी खेळ नाही. ती लस सगळ्यांना. फ्लूतून घोडा उठतो, म्हणून फ्लूपुरताच हा तिसरा गट.” टांगेवाल्यांना आणि शेठजींना त्यांनी हे एकाच दिवशी, एकाच अंगणात, सारख्याच शब्दांत सांगितलं. कोणता घोडा कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं आणि चाचणी संपेपर्यंत मालकांना कळणार नव्हतं. शेठजी हसत म्हणाले, “डॉक्टरीणबाई, माझे घोडे काय चिठ्ठीतले आहेत?” बाई म्हणाल्या, “आजपासून आहेत.”

मैनाच्या नावाची चिठ्ठी तिसऱ्या गटात निघाली. मला ते माहीत होतं. मोहल्ल्यात चाचा रोज दिसायचे आणि मी खाली बघून सलाम करायचे.

त्या हिवाळ्यात खरोखरच साथ आली. रेसच्या मोसमासाठी बाहेरून आलेल्या घोड्यांबरोबर आली असावी. आधी रेसकोर्सच्या तबेल्यांत ढास लागली, मग ती टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत आली. घोडे मान खाली घालून खोकू लागले, नाकं वाहू लागली, अंगं तापली.

शेठजी संचालकांना घेऊन आमच्या खोलीत आले. त्यांचे काही घोडे आजारी पडले होते, काही ठणठणीत होते, आणि त्यांनी आपल्या मनाशी हिशेब केला होता.

“बाई,” संचालक म्हणाले, “शेठजींच्या उरलेल्या सगळ्या घोड्यांना जोडलस देऊन टाका. आजच.”

“कशासाठी?”

“लस काम करते आहे, दिसतंच आहे.”

“मला दिसत नाही. मी अजून मोजलेलं नाही.” बाईंनी खुर्ची पुढे केली, ती शेठजींसाठी. “बसा. आज टोचलं तरी लस लागू व्हायला वेळ लागतो, तोवर ज्याला खोकायचंय तो खोकेल. आणि तिसऱ्या गटाला मध्येच लस दिली, तर ही लस चांगली की वाईट ते आपल्याला कधीच कळणार नाही.”

“हा माझा आदेश समजा,” संचालक म्हणाले.

“लेखी द्या. त्यात लिहा, की लस काम करते हे आपल्याला चाचणीआधीच ठाऊक होतं. म्हणजे मी चाचणी बंद करते आणि उद्यापासून घरी बसते. आणि मग एकट्या शेठजींच्याच घोड्यांना का? टांग्यांच्याही सगळ्या घोड्यांना टोचू.”

संचालकांनी लेखी दिलं नाही. शेठजी जाताना म्हणाले, “बाई, हे लक्षात राहील.” बाई म्हणाल्या, “माझ्याही.”

दोन दिवसांनी करीमचाचा आले. एकटे, चालत, पार मांजरीच्या रस्त्यापर्यंत. मैना तापानं फणफणली होती. ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते, सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, मला एक सांगा. माझ्या घोडीला तुम्ही काय टोचलं? पाणी?”

“पाणी नाही. धनुर्वाताची लस टोचली. फ्लूची नाही. मैनाबाईंची चिठ्ठी त्या गटात निघाली.” बाई उभ्या राहूनच बोलत होत्या. “चाचणी संपेपर्यंत हे सांगायचं नाही असा नियम मीच केला होता. पण आजारी घोडीच्या मालकाशी मी खोटं बोलणार नाही.”

“आणि शेठजींचे घोडे?”

“त्यांच्यातल्याही काहींना नाही मिळाली. तेही खोकतायत.”

 चाचा म्हणाले, “तुमचं पुस्तक लिहून होईल बाई. माझा टांगा कोण ओढणार?”

 बाईंनी बूट चढवले, जीप मागवली आणि चाचांना शेजारी बसवून थेट मोहल्ल्यात गेल्या. मीही मागे बसले होते. मैनाच्या तबेल्यात जाऊन त्यांनी ताप बघितला, छातीला कान लावला. “घोडीला काही होणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती. त्याआधी जुंपलीत तर फुप्फुसं जातील.”

“आणि खायचं काय तिनं?”

“ते मी बघते.”

दुसऱ्या दिवशी भर सकाळी बाईंनी पागेच्या कोठारातून लसूणघासाचे भारे आणि भुशाची पोती जीपमध्ये भरायला लावली. फाटकावरचा पहारेकरी तिथल्याच गावचा. तो पुढे आला. “बाई, पास हाय का?”

“नाही. चोरी आहे. साहेबांना फोन करा, मी थांबते.”

त्यानं खरंच फोन केला. बाई जीपमधून उतरून फाटकाशी उभ्या राहिल्या, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. कोणी विचारलं की सांगत, “चोरी करतेय. साहेबांची वाट बघतेय.” संचालकांच्या खिडकीचा पडदा हलला, पण ते खाली आले नाहीत. शेवटी पहारेकऱ्यानं आपणहून फाटक उघडलं. “साहेब काय बोलंनात,” तो म्हणाला, “म्हंजे हो असंल.”

तिसऱ्या गटातल्या टांग्यांच्या सगळ्या घोड्यांना त्यांनी असा चारा पोचवला, घोडे उभे राहीपर्यंत, रोज दिवसाउजेडी. बाईंना त्याबद्दल ठपका ठेवणारं ज्ञापन मिळालं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्यांनी ते परत पाठवलं आणि खाली लिहिलं, “मजकूर मान्य. भाषा नाही.” मैना उठली. चाचा मला पुन्हा बेटा म्हणू लागले, पण बाईंशी ते सावधच वागायचे.

साथ ओसरल्यावर आम्ही मोजदाद केली. जोडलस दिलेले घोडे जवळजवळ सगळे वाचले होते, एखाददुसरा जरासा शिंकला असेल. वेगळ्या सुयांच्या गटाचंही तेच. तिसरा गट मात्र बहुतेक सगळा आजारी पडला होता. मी तक्ता बाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पुन्हा मोजलंत?” मी हो म्हणाले. त्यांनी पर्स उघडली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा घोड्यांचा गूळ मला दिला. मुंगी झटकून मी तो खाल्ला.

इथे गोष्ट संपली असती तर बाई विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या असत्या. पण त्या रक्त तपासत राहिल्या. सहा महिन्यांनी असं दिसलं, की जोडलशीच्या घोड्यांमधली फ्लूशी लढायची ताकद वेगळ्या सुयांच्या घोड्यांपेक्षा लवकर उतरतेय. पुन्हा टोचली की ती परत चढत होती, हे पागेतल्या घोड्यांत आम्ही पाहिलं होतं. म्हणजे लस चांगलीच होती, पण दर सहा महिन्यांनी द्यायला हवी होती. आणि माहितीपत्रक तोवर छापून झालं होतं. त्यावर होतं, ‘वर्षातून एकदा’.

“सहा महिन्यांनी टोचायची लस कोण घेईल?” संचालक म्हणाले. “बाहेरची लस बाजारात येतेय. आणि टांगेवाले दुसऱ्यांदा येत नाहीत, हे तर तुमचंच वाक्य.”

“वाक्य माझंच आहे. तेव्हा मी टांगेवाल्यांच्या सोयीचं बोलत होते, आता घोड्यांच्या रक्ताचं बोलतेय.”

“नमुने खराब झाले असतील.”

“झालेले नाहीत.”

पत्रक बदललं नाही. लस बाजारात आणायच्या समारंभासाठी संस्थेच्या हिरवळीवर मांडव घातला गेला, शेठजी प्रमुख पाहुणे झाले. त्यांचे लस मिळालेले घोडे मोसमात धावले होते, त्यामुळे ते आता आमच्यावर खूश होते. मागच्या रांगांत टांगेवाल्यांना बसवलं होतं; त्यांच्या घोड्यांना सकाळीच जोडलस टोचली होती, आणि आता प्रत्येकाच्या हातात पत्रक आणि पेढा. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांचा सत्कार व्हायचा होता, शाल टेबलावर घडी घालून ठेवलेली होती.

बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. “आपल्या हातातल्या पत्रकात एक चूक आहे,” त्या म्हणाल्या. “तिथे वर्षातून एकदा लिहिलंय. ते खोडून सहा महिन्यांनी असं लिहा. पेन नसेल तर लक्षात ठेवा. वर्षभर निर्धास्त राहिलात तर पुढच्या साथीत घोडा खोकेल आणि लशीला शिव्या द्याल. शिव्या लशीला नकोत. बस.”

 संचालक उठले, ध्वनिक्षेपक स्वतःकडे घेतला आणि हसून म्हणाले, “बाई फार काटेकोर आहेत. ते सहा महिन्यांचे नमुने सदोष होते, असं आमच्या प्रयोगशाळेचं मत आहे.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

प्रयोगशाळा म्हणजे मीच होते. माझी मुदत त्याच महिन्यात संपत होती. पुढच्या रांगेत माझे वडील बसले होते, लेकीचं कौतुक बघायला दुकान बंद करून आलेले. मी उभी राहिले. 

“नमुने चांगले होते,” मी म्हणाले. “मी तपासलेत. पुन्हाही तपासलेत.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मागच्या रांगांकडे बघत होत्या. तिथून करीमचाचांनी विचारलं, “म्हणजे सहा महिन्यांनी परत यायचं?”

“हो.”

“बघू,” चाचा म्हणाले.

शाल तशीच टेबलावर राहिली. पत्रकावर रबरी शिक्का मारून दुरुस्ती करावी लागली, कारण मांडवात वार्ताहरही होते. बाईंची बदली कोंबड्यांच्या विभागात झाली. आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, की घोड्यांच्या लसीकरणाशी त्यांचा यापुढे काही संबंध राहणार नाही. माझी मुदत मात्र वाढली. जोडलशीचं मोजमाप दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

सहा महिन्यांनी येरवड्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात आम्ही दुसऱ्या फेरीचं शिबिर ठेवलं. सगळं माझ्यावर होतं. रविवार होता. सकाळी मी टेबल मांडलं, बर्फात बाटल्या ठेवल्या, दोऱ्या बांधल्या. मैदान रिकामं. सोबत आलेला तरुण डॉक्टर म्हणाला, “मॅडम, कोणी येणार नाही.” मी दोऱ्यांच्या गाठी पुन्हा तपासल्या. ऊन चढायला लागलं.

आधी घुंगरांचा आवाज आला. मैना पुढे होती, चाचा स्वतः चालत तिला धरून आणत होते, टांगा घरीच ठेवलेला. मागे दुसरा घोडा, त्याच्यामागे तिसरा, मग वळणावरून येतच राहिले. काही तर आमच्या चाचणीत नव्हतेच. चाचा टेबलाशी येऊन म्हणाले, “बघू म्हटलं होतं ना. बघितलं.”

घोडे इतके झाले की धरायला माणसं पुरेनात. एक बुजरा, काळा घोडा सुई दिसताच मागचे पाय झाडायला लागला आणि तरुण डॉक्टर लांब सरकला. तेवढ्यात गर्दीतून रबरी बूट दिसले. बाई बसनं आल्या होत्या. किती वेळ मैदानाच्या कडेला उभ्या होत्या कोण जाणे. त्या सरळ त्या घोड्याच्या मानेशी गेल्या.

तरुण डॉक्टर घाईघाईनं म्हणाला, “मॅडम, माफ करा, पण आपल्याला आदेश आहे. आपण लसीकरणात...”

“वाचलाय मी आदेश,” बाई म्हणाल्या. “सुई धरायची मनाई आहे. दोरी धरायची नाही.”

आणि त्यांनी दोरी हातात घेतली, घोड्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं आणि मला म्हणाल्या, “हं, टोचा.”